माहेरची माणसं येईपर्यंत

परभणी,
९ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

जयभीम. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकवायचं, आणि कानातल्या यंत्राची शिट्टी वाजली की तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन मामीकडे देऊन मोकळे होता. म्हणून हे पत्र. मोबाईलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, हे मामीने आधीच सांगून ठेवलंय.

एक काम पडलंय तुमच्याकडे. जिल्ह्यातल्या सगळ्या शवविच्छेदन केंद्रांचा वेळेचा तक्ता करायची जबाबदारी वरून माझ्यावर आली आहे. पोलिसांचं पत्र डॉक्टरच्या हातात पडल्यापासून मयत नातेवाइकांच्या ताब्यात जाईपर्यंत किती वेळ लागला, आणि अहवाल कधी गेला, एवढं मोजायचं. वेळेत झालं की हिरवा रंग, उशीर झाला की लाल. वर्षभराचे कागद चाळले. बाकीची केंद्रं हिरवी-पिवळी आहेत आणि एक केंद्र मात्र लालेलाल. कोथळवाडी! तुम्ही जिथे अख्खी नोकरी काढली तेच.

तिथे आता डॉ. प्राची आहेत. हुशार मुलगी आहे, कामचुकार अजिबात नाही. तिला कारण विचारलं तर म्हणाली, इथे पहिल्यापासून असंच आहे, तुमच्या वेळचे मदतनीस माणिकराव सांगतात की ही मोठ्या डॉक्टरांची रीत आहे. मोठे डॉक्टर म्हणजे तुम्ही. तर ही रीत काय भानगड आहे, ते सविस्तर कळवा.

कागद चाळता चाळता मला आपले मे महिने आठवले. दवाखान्यामागचं तुमचं क्वार्टर, अंगणातली बाज, मामीच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी. तुम्ही मागच्या त्या एका खोलीच्या इमारतीतून आलात की आधी मोरीत जायचात, आणि कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचात. तोवर आम्हा पोरांना जवळ यायची मनाई. मी दारात उभी राहून वाट पाहायचे. आता माझ्या हातांना तोच वास येतो, आणि खरं सांगू का, मला तो आवडतो.

कान सांभाळा. मामीला जयभीम.

तुमची,
रोहिणी

*

सोनपेठ,
१७ जानेवारी २०२५

चि. रोहिणी,

तुझं पत्र आलं आणि तुझ्या मामीला मी ते दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणायली, "मला काय कान न्हाईत का, तुमाला न्हाईत." असो. आता लय दिवसांनी पेन धरलंय, अक्षर लावून वाच. डॉक्टरचं अक्षर डॉक्टरलाच लागतं.

तू रीत विचारलीस. रीत काय मी काढलेली नाही, ती आपल्याकडं पहिल्यापासून आहे. लग्न झालेली बाई मेली की माहेरची माणसं आल्याबिगर तिला उचलत नाहीत. शेवटचं लुगडं माहेरचं. ते अंगावर पडल्यावरच ती जाते. हे स्मशानातलं झालं. मी तीच गोष्ट दवाखान्यात आणली, एवढंच. पोलिसांचं पत्र आलं तरी माहेरचं माणूस येऊन तोंड बघेपर्यंत मी टेबलावर घेत नव्हतो. लग्नाला थोडी वर्षं झालेली असली तर कायदाच थांबायला लावतो. मी सगळ्यांसाठीच थांबायचो, अगदी म्हातारीसाठीसुद्धा. मयत खराब व्हायची वेळ आली तरच नाइलाज.

का, तर ऐक. मी नवा नवा होतो. गोदावरीच्या घाटावर धुणं धुताना एक बाई बुडून मेली. पाणी किती, तर गुडघ्याएवढं. सारं गाव म्हणायलं, नवऱ्यानं ढकलली. जमादारानं त्याला चौकीत बसवून ठेवलेलं, आणि मला म्हणायला, उरका साहेब लवकर. मी म्हटलं, आई येऊ द्या. आई पाथरीकडची. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आली. चारचौघांत ती काही बोलायला तयार नाही. नुसती रडायली. मग तुझ्या मामीनं तिला आपल्या घरात नेलं, चहा दिला. आणि तिथं चुलीजवळ बसून ती बाई म्हणाली, "बाई, पोरीला लहानपणापसून फिट यायची. सोयरीक मोडंल म्हून आमी झाकून ठेवलं."

बघ आता. नवऱ्याला माहीत नाही, सासूला माहीत नाही. पोरगी गोळ्या लपवून खायची, आणि त्या महिन्यात गोळ्या संपलेल्या. मी जीभ पाहिली तर कडेला चावल्याची खूण होती. जीभ मी पाहिलीच असती, पण आता काय बघायलोय ते मला ठाऊक होतं. नवरा सुटला. त्याच आईनं चौकीत जाऊन जावयाचा हात धरून बाहेर आणला. तवापासून मी थांबतो.

ह्याला तुझ्या तक्त्यात कोणता रंग आहे, ते तूच बघ. पण एक गोष्ट मला लय बरी वाटली. इतक्या वर्षांनी का होईना, सरकारला कोथळवाडीची रीत विचारावीशी वाटली. आता ती जिल्ह्याला लावणार असाल तर प्राचीला शाबासकी द्या, आणि माणिकरावालाही. त्याला कुणी दिली नाही आजवर.

तुझा,
सिद्धोधनमामा

*

परभणी,
२८ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र वाचून माझं मन दुपारभर कामात नव्हतं. त्या पाथरीकडच्या आईला मामीने घरात नेलं, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आम्ही त्याच चुलीजवळ बसून भाकरी खायचो.

तुम्ही लिहिलेलं सगळं मी टिपणात घालते आहे. तुमचं नाव घालत नाही, रीत घालते. वरच्या बैठकीत काय होतं ते बघू. तिथे लोक आकड्यांच्या भाषेत बोलतात, पण मी समजावून सांगेन.

इथलं काय सांगू! आवारात रोज जत्रा असते. कुणी गंगाखेडचं, कुणी मानवतचं, टेम्पो लावून बसलेले. आम्ही पटापट काम करतो, आणि आमचं नाव कायम हिरव्यात. या महिन्यात वरून कौतुकाचं पत्रही आलं. आईने ते घडी घालून कपाटात ठेवलंय.

एक विचारू? थांबल्यामुळे कधी तक्रार झाली होती का तुमच्यावर? म्हणजे लेखी. आणि प्राचीशी यातलं काही इतक्यात बोलू नका. बैठक झाल्यावर मीच तिला सांगीन.

थंडी आहे, मफलर बांधत चला. मामीला सांगा, चटणी संपली.

तुमची,
रोहिणी

*

सोनपेठ,
२ मार्च २०२५

रोहिणी,

काल बाजारच्या दिवशी प्राची भेटली. भाजी घ्यायला आली होती. मी हसून म्हटलं, काय डॉक्टरीणबाई, शाबासकी मिळाली का. तिनं भाजीची पिशवी खाली ठेवली. मग तिनं सांगितलं की एक एप्रिलपासून कोथळवाडीचं केंद्र बंद. तिकडच्या सगळ्या गावांची मयतं परभणीला न्यायची. कारण काय, तर तक्त्यात सगळ्यात शेवटी. तक्ता कुणी केला, हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मी भरबाजारात मूर्ख ठरलो, त्याचं मला काही नाही. पण तू विचारत होतीस आणि मी म्हातारा खुशीत येऊन लिहीत होतो. तुला तवाच ठाऊक होतं. तक्रार झाली होती का, लेखी, हे तू मला कशाला विचारलंस, ते आता कळलं.

नाही. एकही तक्रार झाली नाही. लिहून घे टिपणात.

नदीकाठच्या माणसाला परभणी म्हणजे काय, हे तुला सांगायला पाहिजे का? टेम्पो बघा, पोलीस बघा, तिथं ओळखीचं कुणी नाही. कोथळवाडीत माणिकराव त्यांच्या नावानं हाक मारायचा. बाई कुणाची सून, कुणाची लेक, हे त्याला माहीत असायचं. तिथं तुमच्या आवारात ती नुसती नंबर होईल.

मला हे तुझ्याकडून कळायला पाहिजे होतं. मला वाईट वाटलंय, रोहिणी, आणि ते मी लपवणार नाही.

मामा

*

परभणी,
९ मार्च २०२५

प्रिय मामा,

तुम्ही रागवा. मी सांगितलं नाही, कारण मला वाटलं होतं की बैठकीत मी ते थांबवू शकेन आणि मग तुम्हाला कळायचं कारणच उरणार नाही. तक्रारीचंही त्याच्यासाठीच विचारलं होतं, तुमच्या बाजूने दाखवायला. बैठकीत टिपण वाचलं गेलं. एक साहेब म्हणाले, गोष्ट छान आहे, पण माहेर हा रकाना आपल्याकडे नाही. मी म्हटलं, अवयवांचे नमुने तपासायला प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने पडून राहतात, तो उशीर तुम्ही मोजत नाही आणि आईची वाट पाहिलेली मोजता. त्यावर ते म्हणाले, तो विभाग आपला नाही. संपलं.

पण मामा, सगळा दोष तक्त्याला देऊ नका. तक्ता मी मनापासून केला होता. तुम्हाला कधी सांगितलं नाही ते आता सांगते.

बाबा गेले तेव्हा मी दहावीत होते. ट्रकने उडवलं, आणि त्यांना मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. तुम्ही नागपूरला प्रशिक्षणाला होतात. आई आणि मी शवागाराबाहेर सिमेंटच्या पाइपावर बसून होतो. बाहेर येऊन कुणी काही सांगेना. कागद या टेबलावर आहे, त्या टेबलावर आहे, साहेब जेवायला गेलेत, साहेब आलेच नाहीत. आईने दिवसभर पदर तोंडाला लावलेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. आत गेलात, मी अमुक डॉक्टर म्हणालात, आणि तासाभरात बाबा आमच्या ताब्यात आले.

मला तुमचा तेव्हा किती अभिमान वाटला! आणि आपण गाडीत बसलो तेव्हा मी मागे पाहिलं, तर आमच्या आधीपासून बसलेली माणसं तिथेच बसलेली होती. त्यांचा कुणी मामा डॉक्टर नव्हता. डॉक्टरकीतला हा विषय मी त्या दिवशी निवडला, मामा. घड्याळ लावलं तर कुणालाच डॉक्टर मामाची गरज पडणार नाही, असं मला वाटलं होतं. अजूनही वाटतं.

त्याच घड्याळाने तुमचं कोथळवाडी नेलं. मला दोन्हीचं दुःख आहे. एवढंच सांगायचं होतं.

तुमची,
रोहिणी

*

सोनपेठ,
६ एप्रिल २०२५

चि. रोहिणी,

उत्तराला उशीर झाला. लाल रंग दे.

तुझं पत्र खिशात घालून मी आठवडाभर हिंडायलो होतो. त्या मागं राहिलेल्या माणसांकडं मी त्या दिवशी पाहिलंसुद्धा नव्हतं. मला तुझी आई दिसायली होती, दुसरं काही नाही. तू पंधरा वर्षांची पोर आणि तुला ते दिसलं. तुझं घड्याळ मला आता पटतं. ज्याला कुणी बाहेर येऊन एक शब्द सांगत नाही, त्याला घड्याळाशिवाय वाली कोण? पण आमी थांबायचो तेव्हा सगळे मिळून थांबायचो. सासरचे, पोलीस, माणिकराव, मी. मामीचा चहा चालू. काय चाललंय ते प्रत्येकाला ठाऊक असायचं. दोन्ही उशीर तुमच्या तक्त्यात सारखेच दिसतात, त्याला तू काय करशील.

एकतीस मार्चला मी कोथळवाडीला गेलो होतो. प्राचीनं बोलावलं. माणिकरावानं ते दगडी टेबल धुतलं, पुसलं, आणि मग परत धुतलं. मी म्हटलं, अरे आता कशाला. तो म्हणाला, "राहू द्या साहेब, सवय हाय." कुलूप लावलं. मग आमी तिघं समोरच्या टपरीवर भजी खात बसलो आणि जुन्या गोष्टी निघाल्या. गणपतीच्या आदल्या दिवशी आलेला पूर, जनरेटर बंद पडल्यावर जमादारानं धरलेली बॅटरी, आणि तू एकदा मागच्या खिडकीतून आत बघितलंस अन् माणिकरावानं तुला कडेवर घेऊन घरी आणून सोडलं होतं, ते. तू रडली नव्हतीस, म्हणायला. नुसतं विचारत होतीस की त्या माणसाला थंडी वाजत नाही का. माणिकराव हे सांगताना हसायला आणि डोळे पुसायला.

लय चांगले दिवस होते, पोरी. मेलेल्या माणसांत गेले, पण चांगले गेले.

माणिकरावाची बदली तुझ्याकडंच झालीय. त्याला सांभाळून घे. साखरेचा आजार झालाय, चहा बिनसाखरेचा लागतो. प्राची जिंतूरकडं चालली. मी तुझ्याकडं काही मागत नाही. तुला तुझं काम आहे, वर साहेब आहेत. मामी चटणी पाठवायलीय माणिकरावाबरोबर.

तुझा,
मामा

*

परभणी,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

चार महिने पत्र नाही म्हणून तुम्ही मामीजवळ कुरकुर केलीत, ते कळलं. लिहिण्यासारखं काही नव्हतं. काम चालू होतं आणि आम्ही हिरव्यात होतो. माणिकराव कोपऱ्यात आपलं काम करायचे, टेबल धुऊन झालं की परत धुवायचे. त्याचाच मला त्रास व्हायचा.

मागच्या आठवड्यात कोथळवाडीची एक बाई आली. प्रियांका नाव, पंचविशीची. लग्नाला आठ वर्षं, म्हणजे कायद्याने थांबायचं कारण नाही. सोयाबीन खुरपताना साप चावला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपली. सकाळी पोलिसांचं पत्र माझ्या हातात पडलं, म्हणजे घड्याळ चालू झालं. मी निघाले तर तिची सासू, सुलाबाई, दारात आडवी बसलेली. म्हणाली, आई-बाप न्हाईत पोरीला, एकटा भाऊ हाय, हैदराबादहून रेल्वेनं यायलाय. त्याच्याबिगर हात लावू नका. मी म्हटलं, आजी, तो आल्यावर बघेलच की. तर ती म्हणाली, "चिरून शिवलेली बहीण दावली तर त्यो जल्मभर म्हनंल, सासरच्यांनी मारली अन् झाकली. माझ्या लेकाला जगायचंय, डॉक्टरीण."

मी माणिकरावांकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते.

मी थांबले, मामा.

जमादार दोनदा आत येऊन गेला. बाकीची कामं मी चालू ठेवली, कुणाला अडकवलं नाही. प्रियांकाला शीतपेटीत ठेवलं. आणि मधून मधून बाहेर जाऊन सुलाबाईजवळ बसत होते. गाडी कुठवर आली ते मोबाईलवर बघून सांगत होते. नांदेड गेलं, आजी. पूर्णा आलं, आजी. तिच्याबरोबर सगळं आवार ऐकायला लागलं. मानवतचा एक म्हातारा तर मी बाहेर आले की स्वतःच विचारायचा, कुठवर आला भाऊ.

तो दुपारनंतर आला. सिताराम नाव, बांधकामावर असतो. अंगावर सिमेंट उडालेला शर्ट, आणि हातात पिशवीत नवी साडी. स्टेशनाबाहेरच घेतली म्हणाला. माणिकरावांनी प्रियांकाचं तोंड उघडं केलं. त्याने साडीची पिशवी तिच्या उशाशी ठेवली. मग म्हणाला, कुठं चावला. मी पाऊल दाखवलं, घोट्यावरच्या दोन खुणा. त्याने ते पाऊल दोन्ही हातांत धरलं. बहिणीचं पाऊल असं कुणी धरलेलं मी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

बाहेर सुलाबाई अजून मान खाली घालून बसलेली. सिताराम तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला, म्हणाला, "मावशी, उठा. तुमचा काय दोष?" तेव्हा ती बाई पहिल्यांदा रडली. अख्खा दिवस तिने ते धरून ठेवलं होतं. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तुमचं काम करा, डॉक्टर."

मी केलं. अहवाल दुसऱ्या दिवशी गेला.

काल वरून खुलासा मागवलाय. उशिराचं कारण एका ओळीत लिहा. मी लिहिलं, मयत बाईचा भाऊ रेल्वेत होता, त्याची वाट पाहिली. साहेबांचा फोन आला की हे कारण आपल्या यादीत नाही. मी म्हटलं, मग घाला, कारण मी यापुढेही ते लिहिणार आहे. ते म्हणाले, बघतो. बघतील की नाही, देव जाणे.

जुलैचा तक्ता आज निघाला, मामा. महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या उशिरावरून क्रम लागतो, आणि जिल्ह्यात सगळ्यात शेवटी माझं नाव आहे. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, आधी मामाला कळव, त्याला बरं वाटेल.

तुमची,
रोहिणी